लिंबाजीनं गार केलेली बेंझ

उदगीरच्या मोंढ्यात गुरुपादप्पांच्या गोदामासमोर पत्र्याच्या शेडखाली एक जुनी टाटा-बेंझ ट्रक उभी आहे. निळा रंग, बुटकं नाक, टपावर लोखंडी पेटारा आणि त्यात दोन पंखे. पाव्हणेरावळे आले की अप्पांचा मोठा मुलगा विरूपाक्ष त्यांना ती हौसेनं दाखवतो. बहात्तरच्या दुष्काळात अप्पांनी ही गाडी घेतली आणि सोळाच्या दुष्काळात तिला एसी बसवला, असं सांगतो. पाव्हणे माना डोलावतात आणि फोटो काढतात.

माझं बॅटरीचं दुकान पलीकडंच आहे, त्यामुळं हे पुराण मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. दर वेळी माझं डोकं फिरतं. अप्पांनी त्या गाडीत एक स्क्रूसुद्धा पिळला नाही. एसी बसवला तो लिंबाजी सोनकांबळेनं. तो बत्तीस वर्षं त्या गाडीवर ड्रायव्हर होता. शेडमध्ये अप्पांचा हार घातलेला फोटो आहे, गाडीच्या खरेदीचा कागद चौकटीत लावलेला आहे, पण लिंबाजीचं नाव शोधून सापडायचं नाही. म्हणून मी लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही, बिलावर ‘बॅटरी चार्ज’ खरडण्यापलीकडं माझी मजल कधी गेली नाही. राग मात्र भरपूर आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

लिंबाजी उंच, काटक, बोलायला कंजूष. त्याचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि येताना बिडी तिथंच टाकून आले. तेव्हापासून त्या घरात कुणी तंबाखूला शिवलं नाही. ट्रक ड्रायव्हर आणि तंबाखू नाही, याचं सगळ्या मोंढ्याला नवल. बोललाच तर टोमणा. माझ्या दुकानासमोर गाडी लावली की विचारायचा, “सिद्राम, आज बॅटरीत पाणी हाय का नुसता इश्वास?” मी चिडलो की त्याला बरं वाटायचं. त्याची बायको धुरपताबाई मोंढ्यातच धान्य चाळायच्या कामाला होती, आणि एकुलती एक लेक पंचशीला पुण्याच्या दवाखान्यात नर्स. लेकीचा विषय निघाला की मात्र हा मुका माणूस पाच-दहा वाक्यं सलग बोलायचा, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून उगाच टायर लाथाडून बघायचा.

त्या बेंझचं नाक बुटकं आहे, कारण तिचं अर्धं इंजिन केबिनच्या आत घुसलेलं आहे. ड्रायव्हरची मांडी आणि इंजिन यांच्यात एक पत्रा, बाकी काही नाही. लिंबाजीच्या डाव्या पोटरीवर केस नव्हते, बत्तीस वर्षांत ते जळून गेले होते. मे महिन्यात त्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसलो तरी मला गरगरायचं. तो दहा-दहा तास बसायचा.

दोन हजार चौदाच्या मे महिन्यात किनवटकडच्या इस्लापूरहून बांबू भरून येताना तो चालत्या गाडीत बेशुद्ध पडला. गाडी एका बांधाला टेकून थांबली म्हणून वाचला. गावकऱ्यांनी अंगावर घागरी ओतल्या, नांदेडच्या दवाखान्यात पोचवला. तिथं तो अकरा दिवस होता. सुटी देताना डॉक्टरनं बजावलं, की तुमच्या अंगाची घाम सोडायची ताकद गेलीय, ऊन पुन्हा एकदा असं लागलं तर तुम्ही वाचणार नाही. पंचशीला पुण्याहून आली होती. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि बापाला नोकरी सोडायला सांगितलं. लिंबाजीनं तिला सांगितलं की अठ्ठावन्न पूर्ण झाली की सोडतो, तीन वर्षं राहिलीत. तिन्ही उन्हाळे त्याला या केबिनमध्ये काढायचे होते.

म्हणून तो अप्पांकडं गेला. मालक, केबिनला एसी बसवू द्या, म्हणाला. अप्पा खदखदून हसले. अप्पा तसे वाईट नव्हते, हे मी सांगून टाकतो. नोकराच्या घरी लग्न असलं तर धान्याचं पोतं पाठवणारे, आणि दुष्काळात दारावर आलेल्याला कधी रिकाम्या हाती परत न लावणारे. पण हसले. म्हणाले, ड्रायव्हर गार वाऱ्यात बसला की त्याला झोप लागते आणि गाडी खड्ड्यात जाते.

“अप्पा, गरम हवेत बी झोपलो होतो की इस्लापूरला,” लिंबाजी म्हणाला. “अकरा दिस.”

चाळीस-बेचाळीस वर्षांच्या गाडीला एसी बसवून कुणी यशस्वी होईल यावर अप्पांचा विश्वासच नव्हता. कर, पण कामाच्या वेळात नको आणि माझ्याकडं काही मागू नको, एवढं बोलून ते पूजेला उठले. लिंबाजीला तेवढं पुरेसं होतं.

पहिला उन्हाळा त्यानं कसाबसा पहाटेच्या खेपा करून काढला. मग पंधरा सालच्या दिवाळीपासून होळीपर्यंत सुटीच्या दिवशी आणि उतरत्या दुपारी तो त्या केबिनवर राबला. कॉम्प्रेसर त्यानं नांदेडच्या भंगारबाजारातून आणला, मोडीत काढलेल्या एका लक्झरी बसचा. त्याला इंजिनावर बसवायची पट्टी लेथवर करून घेतली. पट्टा सरळ रेषेत बसेना, गाडी चालू केली की किंचाळायचा. आठ दिवस तो पट्टा किंचाळला आणि आठ दिवस मोंढ्यानं लिंबाजीची टर उडवली. ह्यो गार करून राहिला का गाडी रडवून राहिला, असं हमाल विचारायचे. नवव्या दिवशी पट्टा गप्प बसला आणि हमालही.

मला वाटायचं एसी म्हणजे यंत्र बसवलं की झालं. लिंबाजीनं मला शिकवलं की यंत्र हे निम्मं काम. जुनी केबिन म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर पत्रा, शेकडो फटी. क्लचच्या भोकातून, गिअरच्या दांड्याखालून, दाराच्या चौकटीतून उन्हाळा आत येतो. आधी त्याला बाहेर काढायचा आणि मग गारवा आत आणायचा. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्यूब कापून दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या. टपावर दोन बोटं अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला आणि मध्ये थर्माकोल भरला. इंजिनाच्या झाकणावर उष्णता अडवणारा पुठ्ठा आणि त्यावर धुरपताबाईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली चौपदरी गोधडी बसवली. बाहेरची हवा आत घ्यायचीच नाही, आतलीच फिरवायची, हे त्याचं मुख्य सूत्र होतं.

चूक एकदाच केली. गरम हवा बाहेर टाकणारी जाळी त्यानं सगळे बसवतात तशी नाकासमोर, रेडिएटरच्या पुढं बसवली. फेब्रुवारीत गाडीवर पाण्याची टाकी चढली होती. लातूर भागात तेव्हा माणसं घोटभर पाण्याला महाग झाली होती आणि पुढं एप्रिलात तर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लिंबाजी टँकर घेऊन शिरूर अनंतपाळकडं निघाला, एसी चालू केला आणि चढावर इंजिन उकळलं. रेडिएटरमधलं सगळं पाणी वाफ होऊन गेलं. पाठीमागं टाकीत दहा हजार लिटर पाणी, आणि हा रस्त्याच्या कडेला दोन तास इंजिन निवायची वाट बघत बसला, मग दीड कोस चालत जाऊन एका विहिरीच्या तळातून कळशीभर गढूळ पाणी आणलं. टाकीतलं का नाही घेतलं, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी घाणेरडं बोललो. ते पाणी गावाला मोजून दिलेलं आहे, एवढंच म्हणाला.

मग जाळी टपावर गेली, पेटाऱ्यात, दोन पंख्यांसकट. पंख्यांना वीज पुरेना, तेव्हा मी मोठा अल्टरनेटर बसवून दिला आणि सगळी वायर नव्यानं ओढली. त्या गाडीत माझा वाटा एवढाच. मार्चच्या शेवटी नांदेडहून गॅसवाला येऊन पुन्हा गॅस भरून गेला.

परीक्षा लिंबाजीनं आपल्या पद्धतीनं घेतली. धुरपताबाईची खोबरेल तेलाची बाटली आणून सीटवर ठेवली आणि गाडी मोंढ्याच्या मधोमध भर उन्हात चालू ठेवली. बाहेर बेचाळीस. आपल्याकडं खोबरेल थिजतं ते कडाक्याच्या थंडीत, संक्रांतीच्या आसपास. पाऊण तासानं त्यानं बाटली बाहेर काढून उलटी धरली. थेंब पडला नाही. आडत्ये, हमाल, मुनीम, सगळे बाटली हातात घेऊन बघायला लागले. त्या दिवशी लिंबाजीनं टायर चारचारदा लाथाडले.

त्याच दुपारी अप्पा आले. पाच मिनिटं बसून बघतो म्हणाले आणि तासभर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आयत्या बिळावर नागोबा कसा येतो ते मी त्या महिन्यात बघितलं. दुपारी मोंढ्यात वीज नसायची. जेवण झालं की अप्पा केबिनमध्ये येऊन बसायचे, आणि लिंबाजी बाहेर गाडीच्या सावलीत उकिडवा बसून इंजिनावर लक्ष ठेवायचा. अप्पा उदगीर जिल्हा करा म्हणणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा गुलालाची पोती घेऊन हीच गाडी पुढं होती, आणि आता एक मेला आमचाही जिल्हा होणार अशी आवई उठली होती. प्यायला पाणी नाही, पण जिल्ह्याच्या कचेऱ्या कुठल्या गल्लीत येतील यावर समितीची भांडणं जोरात. ती भांडणंही केबिनमध्येच व्हायला लागली, कारण तिथं डोकं थंड राहतं म्हणे. एक मे आला आणि गेला. जिल्हा काही झाला नाही.

तरी लिंबाजी खूश होता. पाण्याच्या खेपा करताना केबिन त्याची एकट्याची असायची. तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तेज आलं. एकदा मला म्हणाला, “सिद्राम, ह्यो उन्हाळा निघतो बघा. मग एकच राहिला.” त्याला असं उघड बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मलाही बरं वाटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी पहाटे अप्पा गेले. झोपेतच हृदय बंद पडलं. धाकटा मुलगा अमेरिकेत. तो हैदराबादला उतरून गाडीनं उदगीरला पोचायला बुधवारची संध्याकाळ होणार होती. मी येतोय, अप्पांना बघितल्याशिवाय काही करू नका, असं त्यानं फोनवर रडत सांगितलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठरायच्या आत मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि बसलेलाच समाधीत ठेवतात. अप्पांना सकाळी सातलाच मठाच्या अय्यांनी बसवलं. आता पंचाईत अशी, की बर्फाचे कारखाने पाणी वाचवायला सरकारी हुकमानं बंद होते. गावात बर्फाची लादी नाही. एका संस्थेकडं शव ठेवायची थंड पेटी होती, पण तिच्यात माणूस आडवा मावतो, मांडी घातलेला नाही. बाहेर चव्वेचाळीस. नऊ वाजता सगळं घर सुन्न होऊन बसलं होतं आणि मग कुणाला तरी बेंझ आठवली.

कुणाला तरी कशाला, मलाच आठवली. मीच विरूपाक्षला सुचवलं. तो तडक लिंबाजीच्या घरी गेला. अप्पासाठी न्हाई कसं म्हणू, म्हणाला लिंबाजी, आणि उठून आला. टाकी रिकामी करून गाडी त्यानं अप्पांच्या वाड्यासमोर आणली. अप्पांना पाटासकट उचलून डाव्या बाजूच्या सीटवर बसवलं. लोकांनी काचेतून दर्शन घ्यायचं असं ठरलं. आत सोबतीला घरची माणसं आळीपाळीनं बसणार होती. ड्रायव्हरच्या सीटवर अप्पांच्या बायको, नीलम्मा अव्वा बसल्या. केबिनमध्येच सीटांच्या मागच्या फळीवर दोघं-तिघं भजन म्हणणारे. लिंबाजीला कुणी बस म्हणालं नाही आणि ऊठही म्हणालं नाही. जागा भरली, एवढंच झालं.

एसी चालायचा तर इंजिन चालू पाहिजे, आणि जुनं इंजिन जागेवर उभं असलं की मंदावतं आणि तापतं. त्याची रेस धरून ठेवायला कुणीतरी लागतं. एरवी ते काम पायानं सीटवरून होतं. लिंबाजीनं डिझेल-पंपाच्या दांड्याला सुतळी बांधून ती बॉनेटच्या बाहेर काढली आणि समोर उभा राहिला. इंजिन मंदावलं की सुतळी ओढायची, तापलं की रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं. मांडव होता, पण धुराचा त्रास नको म्हणून गाडी मांडवाच्या बाहेर उभी केली होती. सकाळी लिंबाची सावली असायची. अकरानंतर ती भिंतीकडं सरकायची. पुढून रेडिएटरची वाफ, वरून टपावरच्या पंख्यांची गरम हवा, आणि त्याच्यावर ऊन.

मंगळवारचा दिवस गेला. रात्री मी आणि तो आलटून पालटून थांबलो. बुधवारी अकराच्या सुमाराला धुरपताबाई भाकरी घेऊन आली. त्यानं दोन घास खाल्ले आणि बाजूला सारली. ती माझ्याकडं आली.

“भाऊ, तुमची माणसं हायत,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा जरा. ह्येंच्या अंगाला घाम न्हाई.”

मी विरूपाक्षकडं गेलो. तो मांडवात लोकांच्या मध्ये बसला होता. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “अण्णा, लिंबाजीला घटकाभर आत बसू द्या. सीटवर बसूनबी रेस धरता येते.”

“आत अव्वा बसलीय, सिद्धराम.”

“अव्वा मागं बसतील की.”

“लोक दर्शनाला येऊन राहिले. अप्पांच्या मांडीला मांडी लावून ड्रायव्हर बसलाय, कसं दिसंल ते?” तो हळू आवाजात, अगदी समजुतीनं बोलत होता. “संध्याकाळपर्यंतचा प्रश्न हाय. तू समजावून सांग त्याला.”

तो ड्रायव्हर म्हणाला. जात त्यानं काढली नाही. काढायची गरजच नव्हती, मला कळलं आणि मला कळलंय हे त्याला कळलं. आमच्यात सुतक नाही, विटाळ नाही, माणसानं माणसाला कमी लेखणं हेच पाप, असं दर श्रावणात अय्या मठात सांगतात. लहानपणापासून ऐकून ते मला पाठ आहे. त्याच वाड्याच्या ओसरीवर बसवण्णांची तसबीर आहे, तिच्याखाली उभं राहून आमचं हे बोलणं झालं. मी भांडायला पाहिजे होतं. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

लिंबाजीला सांगितलं, संध्याकाळपर्यंत दम धर. तो माझ्यावरच उखडला.

“तुम्हाला कुणी इचारायला सांगितलं होतं? मी म्हणलो होतो का, मला आत बसवा?” मग सुतळीकडं बघत, “आता बंद पडली तर गावापुढं नाव जाईल माझं. लिंबाजीचं काम बोगस निघालं म्हणतील.”

धुरपताबाईनं ओला पंचा त्याच्या डोक्यावर टाकला. तो पाच मिनिटांत वाळला.

दीड वाजता त्यानं मला हाक मारली आणि विचारलं, इस्लापूर मागं गेलं का. मी आधी थट्टा समजलो. मग त्याचे डोळे बघितले. अंगाला हात लावला तर तवा. मी त्याला धरेपर्यंत तो बॉनेटवर आदळून खाली आला.

आम्ही चौघांनी उचलला. केबिनचं दार चार पावलांवर होतं. आत गारवा होता, तोच त्याला पाहिजे होता, हे मला माहीत होतं आणि तिथल्या लहान पोरालाही कळलं असतं. मी म्हणालो, आत घ्या, आधी आत घ्या. नीलम्मा अव्वांनी दाराच्या मुठीला हात लावला, हे मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात मागच्या फळीवरून कुणीतरी म्हणालं, “दार उघडू नका, गारवा जाईल. अप्पांना अजून तीन तास काढायचेत.” अव्वांचा हात तसाच राहिला. दोन दिवस ते दार माणसं बदलायला दर तासाला उघडत होतं.

कुणीतरी रिक्षा आणली. धुरपताबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षा गेली. मी तिच्या मागं धावणार, तर इंजिन गचके द्यायला लागलं. सुतळी धरायला कुणी नव्हतं. विरूपाक्षनं माझा दंड धरला.

“सिद्धराम, तुला ह्या गाडीचं कळतं. तू बस आत.”

अव्वा सरकून मागच्या फळीवर गेल्या. म्हणजे मागं जागा होती. मी चढलो, लिंबाजीच्या सीटवर बसलो, पाय रेसवर ठेवला. दार लागलं. आणि मी खोटं लिहिणार नाही, मला बरं वाटलं. मानेवरचा घाम निवाला, डोकं हलकं झालं. शेजारी अप्पा शांत बसले होते, कपाळावरचं भस्म जरासुद्धा ओघळलं नव्हतं. मी पावणेपाचपर्यंत तिथं बसलो. मला कुणी विचारलं नाही की कसं दिसेल.

धाकटा आला, काचेला कपाळ लावून रडला. अप्पा नुसते डोळे मिटून बसल्यासारखे दिसतात, असं सगळ्यांना सांगत राहिला. मग अप्पांना फुलांच्या विमानात, म्हणजे उभ्या पालखीत, बसवलं आणि मिरवणूक निघाली. मी इंजिन बंद करून दवाखान्यात गेलो. लिंबाजी चार वाजताच गेला होता. नर्सनं सांगितलं की अंग थंड करायला बर्फ पाहिजे होता, तो कुठंच मिळाला नाही.

पंचशीलेला यायला सकाळ होणार होती. लिंबाजीला घरी आणून ओल्या चादरी टाकून ठेवला. अप्पांच्या वाड्यासमोर बेंझ रिकामी उभी होती, चावी माझ्या खिशात होती. धुरपताबाई एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, “भाऊ, लेक येईपर्यंत टिकंल का हे?” मी टिकेल म्हणालो. गाडी आणतो, असं माझ्या तोंडून निघालं नाही. विरूपाक्षला विचारायला पाहिजे, आज त्याच्या घरी दुःख आहे, असं मी मनाशी म्हणत बसलो आणि तेवढ्यात उजाडलं.

पंचशीला नऊ वाजता आली. धुरपताबाईनं तिला बापाचं तोंड बघू दिलं नाही. लेकीनं दोनदा चादरीला हात घातला आणि दोन्ही वेळा आईनं तो धरला. त्रिशरण-पंचशील म्हणून घाईघाईनं उचलला. अप्पांच्या समाधीला हजार माणूस होतं. इथं आम्ही चाळीसजण असू.

तिसऱ्या दिवशी पंचशीला माझ्या दुकानावर आली. स्टुलावर बसली. ती नर्स आहे, तिनं नर्ससारखंच विचारलं. किती वाजता पडले, त्याआधी किती वेळ उभे होते, बोलताना जीभ जड होती का, दवाखान्यात पोचायला किती मिनिटं लागली. मी जमेल तशी उत्तरं दिली. ती ऐकत होती, रडत नव्हती.

“काका, गाडीतला एसी चालू होता?”

“होता.”

“नीट गार होत होतं आत?”

“लई गार.”

“मग बाबांना बसायला आत जागा नव्हती का?”

“होती,” मी म्हणालो. “तिथं मी बसलो होतो.”